मणी आणि जोडवं

शेंगोट्टै,
१८ जानेवारी १९८९

चि. गोमतीस,
चित्तप्पाचे अनेक आशीर्वाद.

कागदाच्या माथ्यावर पिळ्ळयार गणपतीची वेलांटी काढून अर्धा तास झाला, तरी खाली शब्द उमटेना. वीस वर्षांनी या घरात तुमच्याकडचं पत्र आलं. पोस्टमन आला तेव्हा मी घाण्यातली पेंड पोत्यात भरत होतो. हात तेलकट होते, म्हणून त्याला म्हटलं, ठेव त्या फळीवर. पण पाकिटावरचं अक्षर लांबूनच दिसलं आणि तेलकट हातांनीच मी ते उचललं. हुबेहूब माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं अक्षर! तशीच गोल, ऐसपैस, एकमेकांना धक्का न लावणारी अक्षरं. तुझे अप्पा कचेरीबाहेरच्या मांडवात दस्त लिहायला बसले की ज्यांना वाचता येत नव्हतं तेसुद्धा नुसते बघत उभे राहायचे. तू शाळेत फळ्यावर लिहितेस तेव्हा मुली तसंच बघत असतील.

अण्णी, तुझी आई, गेल्याचं मला कळलं होतं. तार मिळाली होती. मला येता आलं नाही, घाण्याचा बैल आजारी होता. तुला एकटीला सगळं करावं लागलं. त्याबद्दल तू एक शब्दही लिहिला नाहीस, हा तुझा मोठेपणा.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू लिहितेस, “चित्तप्पा, मला रसवादाचे पहिले धडे द्या. मला सोनं नको. मला मी बदलून हवी आहे.” आणि खाली त्या मुलीबद्दल लिहिलंयस, जिच्या कानशिलात तू मारलीस आणि कानातून रक्त आलं. ते वाचून मला तुझा राग आला नाही. एवढं सरळ कबूल करायला छाती लागते. माझ्यात ती कधीच नव्हती.

तर ऐक. रसवाद म्हटलं की लोकांना वाटतं, तांब्याचं सोनं. आमचे गुरू माडसामी वैद्यर असा कुणी माणूस आला की त्याला ताक पाजून वाटेला लावायचे. म्हणायचे, “ज्याला सोनं पाहिजे त्याने सोनाराकडे जावं. इथे फक्त पारा आहे. आणि पारा म्हणजे कोण? तूच. एका जागी बसत नाहीस, हात लावला की पळतोस, आणि पोटात घाण साठवून वर चकचकतोस.” पारा शुद्ध करायचा, मग त्याला बांधायचा, म्हणजे वनस्पतींच्या रसात आणि आगीत असा घट्ट करायचा की त्याचा मणी होईल. आणि हे करता करता करणाऱ्याचंही तेच व्हायला हवं. नाही झालं तर मणी होत नाही. सगळी विद्या एवढीच, बाकी पळीपंचपात्र.

मी पाऱ्याचे अठरा संस्कार सांगत बसत नाही. पहिला तेवढा सांगतो. पारा दगडी खलात घ्यायचा, त्यात विटेची भुकटी आणि हळद घालायची आणि सात दिवस खलायचं. मग कांजीने धुवायचं. पाणी काळं निघतं. पुन्हा खलायचं. वैद्यर सांगायचे की बत्ता फिरवताना कुणाकुणाचा राग येतो ते लक्षात ठेव आणि संध्याकाळी येऊन मला नावं सांग. पहिल्या दिवशी मी चार नावं सांगितली. सातव्या दिवशी एकोणचाळीस. त्यात एक बकरीपण होती.

आणि तळहाताची परीक्षा! तुझ्यासाठी हीच खरी. तळहातावर सुपारीएवढा पारा घ्यायचा आणि उभं राहायचं. समोर वैद्यरांची आई, आम्ही तिला आच्ची म्हणायचो, पान चघळत बसलेली. तिचं काम शिव्या द्यायचं. हात जरा जरी हलला की पारा खाली, आणि मग शेणाने सारवलेल्या जमिनीतून थेंब थेंब गोळा करत बसा.

“काय रे ए, कुट्रालिंगम,” आच्ची सुरू करायची, “तुझा भाऊ तिकडे उन्हात बोटं झिजवतो आणि तू इथे त्याच्या तांदळावर दोंद वाढवतोस, होय? पोरगी कोण देणार तुला? पारा?”

पारा खाली.

“उचल,” ती म्हणायची. “आणि लाजतोस कशाला? खोटं बोलले का मी?”

तिला प्रत्येकाची दुखरी जागा बरोबर सापडायची. माझी तर तिला शोधावीही लागली नाही. सहा वर्षं अण्णा दर महिन्याला पोतंभर तांदूळ पाठवत होता, कधी स्वतः घेऊन यायचा आणि एकच विचारायचा, “बांधला गेला का रे?” सहा वर्षं पारा पळाला. सातव्या वर्षी बांधला गेला. ते तुला ठाऊकच आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तू पाऱ्याला हात लावू नकोस. अळूचं मोठं पान आण, देठासकट. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेव आणि पान हातात धरून उभी राहा. ज्या मुलीला मारलंस तिचा चेहरा डोळ्यांसमोर आण. थेंब पडला तर पुन्हा ठेव. एवढं एक महिना कर. गंमत वाटेल, पण मी तुला खरी वस्तू देतोय.

अण्णीच्या पेटीत तुला अप्पांचा मणी सापडला म्हणतेस. तो ज्या फडक्यात आहे त्यातच राहू दे. आणि पेटीतले जुने कागद उपसत बसू नकोस. त्या कागदांना वाळवी लागलेली असते, डोळे चुरचुरतात.

वेळेवर जेव. एकट्या माणसाचं पोट रसम-भातावरच भागतं, ते मला ठाऊक आहे. सोबत काहीतरी चावायचं असू दे.

तुझा,
चित्तप्पा


शेंगोट्टै,
९ मार्च १९८९

चि. गोमतीस आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इकडे खिंडीतला वारा पडलाय, उकडायला लागलंय. तीळ यंदा बरा आला. बैल ठीक आहे.

तू मणी घातलास हे मला आवडलेलं नाही. आईच्या सोळाव्या दिवसापासून घालतेस म्हणजे मला पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाही तो गळ्यात होता, आणि तू मला ते लिहिलं नव्हतंस. रोज सकाळी दूध उकळून त्यात तो टाकतेस आणि ते दूध पितेस, अप्पा प्यायचे तसं. कुणी सांगितलं होतं तुला? मी सांगितलं होतं अळूच्या पानाचं.

तू लिहिलेली लक्षणं वाचली. राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाय. चारचौघांत गेलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोंडाला सारखं पाणी सुटतं, हिरड्या दुखतात. आईची सोन्याची साखळी मण्याजवळ पांढरी पडली आणि तिथेच तुटली. आणि एवढं सगळं लिहून तू खाली म्हणतेस की आनंद आहे, कारण मणी काम करतोय, आतलं विष बाहेर पडतंय.

गोमती, तो काढून ठेव. दीक्षा घेतल्याशिवाय मणी अंगावर घालायचा नसतो, असा नियमच आहे. शिवाय जो माणूस मणी बांधतो त्याने स्वतः तो समोरच्याच्या गळ्यात घालावा लागतो. तुझ्या गळ्यात मी घातलेला नाही. मी तुझ्या बापाच्या जागी आहे असं तूच लिहितेस ना? मग मी सांगतो म्हणून काढ. त्याच फडक्यात गुंडाळ, फडकं डब्यात घाल, डबा घराबाहेर ठेव. दूध साधं पी, आलं घालून.

पेटीतल्या जुन्या पत्राचं तू लिहिलंस. असेल. वीस वर्षांपूर्वी कुणी काय लिहिलं होतं ते कुणाच्या लक्षात राहतं. त्यावर जाऊ नकोस.

हे पत्र घाईत लिहिलंस का? अक्षर नेहमीसारखं नाही. बसमध्ये लिहिलं असशील.

उलट टपाली कळव की काढलास.

तुझा,
चित्तप्पा


शेंगोट्टै,
२ एप्रिल १९८९

गोमती,

या पत्राच्या माथ्यावर पिळ्ळयारची वेलांटी नाही. मरणाची बातमी देणाऱ्या पत्रावर आपल्याकडे ती काढत नाहीत, ते तुला माहीत आहे. चुकून राहिलेली नाही.

तुझं पत्र काल आलं. तू मला बरंच काही बोललीस. “तुम्ही अर्ध्यात सोडून घाणा ओढत बसलात. अप्पांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. तुम्हाला माझं बघवत नाही.” आच्चीची आठवण झाली. फरक एवढाच की ती कधी खोटं बोलली नाही आणि तुला खरं काय ते ठाऊक नाही. ते सांगणारा एकच माणूस जिवंत आहे आणि तो दीक्षेचे नियम रचत बसला. तसा कुठलाही नियम नाही. तो मी घाण्यावर बसून बनवला होता.

तू काय लिहिलंस ते मी नंतर वाचलं. आधी अक्षर पाहिलं. बसमध्ये लिहिलेलं नाही ते. उभी रेघ सरळ उतरत नाही, प्रत्येक वळणाला तीन कोपरे आहेत, आणि ओळ उजवीकडे घसरलीय. माझ्याकडे अण्णाची पत्रं आहेत, सगळी. त्यातलं अडुसष्ट सालच्या ऐप्पसीतलं, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातलं पत्र मी काढलं आणि तुझ्या पत्राशेजारी ठेवलं. त्यानंतर काल घाणा चालवला नाही.

आता सांगतो.

वैद्यरांकडचं सातवं वर्ष होतं. सहा वेळा माझा पारा पळाला होता. रस बदलले, गोवऱ्या मोजून लावल्या, उपास केले. मूस उघडली की आत काही नसायचं, नाहीतर पारा पहिल्यासारखाच डोळे मिचकावत असायचा. वैद्यरांचा स्वतःचा मणी मी पाहिला होता. तो निखाऱ्यावर ठेवला तरी धूर निघत नसे आणि सोन्यावर घासला तरी सोनं पिवळंच राही. म्हणजे होतो, एवढं मला ठाऊक होतं. माझ्याच्याने होत नव्हता. त्या वर्षी वैद्यर म्हणाले, “या चित्तिरै पुनवेला शेवटचं बघू. नाही झालं तर घरी जा, कुट्रालिंगम. काही माणसांनी शेती करावी, त्यात कमीपणा नाही.”

पुनवेला अण्णा येणार होता.

पोंगलला मी घरी गेलो होतो, तेव्हा आईच्या डबीतून तिचं एक जोडवं उचललं होतं. आमचे अप्पा गेल्यावर तिच्या पायांतून उतरवलेली ती चांदीची जोडी, तिने जपून ठेवलेली. का उचललं? मी मनाशी म्हटलं होतं, आईची आठवण म्हणून. तू कधी ही गोष्ट ऐकली असशील, आजीचं जोडवं हरवलं आणि तिने साळी कांडायला येणाऱ्या माडत्तीवर आळ घेतला. माडत्तीने डोक्यावरचा पदर पसरून शपथ घेतली आणि पुन्हा आपल्या दारात आली नाही. आई मरेपर्यंत म्हणायची, “त्या बाईने माझं सौभाग्य नेलं.” मी समोर बसून जेवत असायचो.

ते जोडवं मी कानशीने घासलं आणि त्याचा भुगा पाऱ्यात खलला. पारा चांदी खातो आणि दगडासारखा घट्ट होतो. बाजारातले भोंदू हेच करतात. आम्ही त्यांना हसायचो. असा मणी वरून बांधल्यासारखा दिसतो, पण आतला पारा मोकळाच असतो. ऊब लागली की निघतो. दुधात निघतो. सोन्याला लागला की सोनं पांढरं होऊन मोडतं. तुझ्या आईची साखळी त्यानेच तोडली.

पुनवेच्या सकाळी मूस उघडली. अण्णा अंघोळ करून, ओल्या पंचाने समोर बसलेला. आत मणी होता, गोल, राखाडी. वैद्यरांनी तो उचलला, बोटांत फिरवला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. निखारे शेजारीच होते. नेहमीचा रिवाज म्हणजे मणी निखाऱ्यावर धरायचा. ते तसेच बसून राहिले.

तेवढ्यात अण्णा उठला. मला वाटलं, तो वैद्यरांना नमस्कार करणार. त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझा थोरला भाऊ, ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो माझे पाय धरून रडत होता. “तंबी,” म्हणाला, “सहा वर्षं लोक मला हसत होते. आज माझी मान वर झाली.” मी तेव्हा बोलू शकलो असतो. एक वाक्य. मी त्याला उठवलं आणि मणी त्याच्या गळ्यात घातला.

तो गेल्यावर वैद्यर म्हणाले, “चांदी कुणाची?”

मी म्हटलं, “आईची.”

त्यांनी निखाऱ्यांवर राख ओढली. मग म्हणाले, “मी आगीवर धरायला हवा होता. तुझ्या भावाचं तोंड बघून माझा हात उचलेना. तेवढं पाप माझं. आता तू ऊठ. गाडी गाठ. मणी परत आण आणि का परत आणतोस ते त्याला तोंडाने सांग. हा शेवटचा संस्कार. एवढा केलास तर परत ये, मी शिकवेन. नाही केलास तर माझ्याकडे शिकवायला काही उरलेलं नाही.”

आच्ची दारात होती. पहिल्यांदाच तिने मला शिवी दिली नाही. माझ्या हातात वाटेसाठी दहीभाताची पुरचुंडी दिली.

मी गाडीच्या थांब्यावर गेलो. तुमच्या गावाकडची गाडी आली, उभी राहिली, कंडक्टरने विचारलंही, “येतोस का?” ती गेली. मग दुसरी आली, शेंगोट्टैची. मी तिच्यात बसलो. तेव्हापासून मी इथे आहे.

मला वाटलं होतं, अण्णा चार दिवस घालेल आणि पेटीत ठेवेल. तुझे अप्पा तसे नव्हते. धाकट्या भावाने दिलेली वस्तू त्यांनी एक दिवस अंगावेगळी केली नाही. सकाळी दूध, रात्री उशाशी मणी. वर्षभराने अण्णीचं पत्र आलं. शांत माणूस ताटं भिरकावायला लागलाय. लोकांसमोर जायला लाजतो. लाळ गळते, दोन दात पडले, हिरड्यांवर काळी रेघ आलीय. लेखणी धरता येत नाही, दस्त लिहायला कुणी येत नाही. शेवटी तिने विचारलं होतं, “मणी काम करतोय म्हणून असं होतंय का? की काढायला सांगू?”

गोमती, बिघडलेला पारा माणसाचं काय करतो त्याची लक्षणं वैद्यर आमच्याकडून रोज पाठ म्हणून घ्यायचे, खल हातात धरायच्या आधी. मला ती झोपेत येत होती. अण्णीच्या पत्रात ती त्याच क्रमाने होती. मला समजलं नाही असं झालं नाही. पहिल्या ओळीला समजलं.

आणि मी तिला उत्तर लिहिलं. तेच पत्र तुला पेटीत सापडलं. “आतलं विष बाहेर पडत आहे. मध्येच थांबवू नये.” तू ते वाक्य जसंच्या तसं मला लिहून पाठवलंस, आणि मी तुला उत्तर दिलं की कुणाच्या लक्षात राहतं! गेली वीस वर्षं मला दुसरं काही लक्षात नाही. काढायला सांगितलं असतं तर का, हे सांगावं लागलं असतं. आईचं जोडवं, माडत्ती, पाय धरून रडलेला भाऊ, सगळं. माझं नाव वाचवायला मी ते लिहिलं. आमच्या विद्येत ही सोयच आहे की माणूस जितका खालावेल तितकं चेल्याने म्हणावं, चांगलं चाललंय. अण्णीने त्यावर विश्वास ठेवला. अण्णानेही ठेवला.

शेवटचं पत्र मात्र तुझ्या अक्षरात आहे. दहा वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल. अप्पांनी सांगितलं आणि तू लिहिलंस, मोठी मोठी अक्षरं, रेघ सोडून. “तंबी, आता सहीसुद्धा येत नाही. आणखी किती दिवस लागतील?” खाली सहीच्या जागी अंगठा आहे. ज्याने सगळ्या तालुक्याचे अंगठे घेतले त्याचा अंगठा. मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात अंग सुजलं, लघवी बंद झाली आणि तो गेला.

तुझ्या बापाला मी मारलं. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं आणि तीन पत्रं लागली.

अण्णीने मला पुन्हा कधी लिहिलं नाही. तिला कळलं असेल का? फडक्याच्या सात घड्या घालून मणी ठेवला होता म्हणतेस, आणि त्यावर माझं पत्र. मला वाटतं, कळलं होतं. फेकून द्यायचं धैर्य झालं नसेल, कारण ती नवऱ्याच्या अंगावरची वस्तू. तार आली त्या दिवशी बैल ठणठणीत होता. मीच येऊ शकलो नाही.

आता तू. आधी मणी काढ. हे वाचता वाचता काढ. दुधाचं भांडं फेक, घासून परत वापरू नकोस. मण्याजवळ राहिलेलं सगळं सोनं वेगळं ठेव. विश्वास बसत नसेल तर पाकिटात चिंधीत बांधलेली वस्तू बघ. ते दुसरं जोडवं आहे. आई गेल्यावर डबी माझ्याकडे आली. मोठ्या आत्तैला, माझ्या बहिणीला विचार, जोडीतलं एकच उरलं होतं की नाही. हरवलेलं तुझ्या गळ्यात आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या गाडीने घेऊन येतोय. तुझ्या मुख्याध्यापिकाबाईंच्या हातात देईन आणि त्यांना एवढंच सांगेन की पोरीला पारा बाधलाय, आजच सरकारी दवाखान्यात न्या, डॉक्टरांना ‘पारा’ हा शब्द सांगा, लपवू नका. बाईंना मी आधी तोंडाने सांगणार आहे. तुझ्यासमोर उभं राहून मला सांगता येईल असं वाटत नाही. म्हणून हा कागद. वैद्यरांनी तोंडाने सांग म्हटलं होतं, म्हणजे हाही संस्कार अर्धाच.

मी शाळेच्या फाटकासमोरच्या बाकावर बसलेला असेन, तू दवाखान्यात जाईपर्यंत. माझ्याकडे बघायची गरज नाही. मणी माझ्याकडे दिलास तर तो खोल पुरेन, विहिरीपासून लांब. नाही दिलास तर बाईंना दे.

रागाबद्दल. तुझा आत्ताचा राग बराचसा पाऱ्याचा आहे, तो उतरेल. त्या मुलीला मारलंस तो मात्र तुझा होता, मणी गळ्यात यायच्या आधीचा. त्यासाठी तू मणी शोधत होतीस. त्या मुलीच्या घरी जा आणि तिच्या आईसमोर कबूल कर. मी माडत्तीचं गाव शोधलं होतं एकदा. ती आधीच वारली होती. तू मारलंस ती मुलगी अजून तुझ्या वर्गात बसते.

अळूच्या पानाचं सांगितलं होतं ते खरं होतं. तेवढं ठेव.

नातं राहावं, क्षमा करावीस, असं काही मी मागत नाही. तसं मागायला मी कोण! एकच मागतो. मला पत्र लिहू नकोस. दर महिन्याला एक कार्ड टाक, कोरं, मजकूर नको, खुशाली नको. फक्त तुझं नाव लिही, तुझ्या हाताने. रेघ सरळ होतेय का तेवढं मला बघायचं आहे.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारा,
कुट्रालिंगम